शंभर सेकंदांच्या आत

टेबलावर बावीस वस्तू होत्या. एक मदरबोर्ड, एक प्रोसेसर, मेमरीच्या दोन पट्ट्या, एक हार्ड डिस्क, एक पॉवर सप्लाय, पंखा बसवलेला एक हीटसिंक, थर्मल पेस्टची अर्धी पिळलेली ट्यूब, नऊ स्क्रू, एक स्क्रूड्रायव्हर, कॉलेजच्या लॅबमधून मागून आणलेला थर्मामीटर, चहाचे दोन कप आणि एक लिंबू.

समीक्षानं पुन्हा मोजलं.

"दादा, स्क्रू दहा होते ना?"

"नवावर चालतं गं," हितेश म्हणाला. "मदरबोर्ड काय उडून जाणारे?"

"आणि हे लिंबू?"

हितेशनं भुवया उंचावून स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथून काकीचा आवाज आला, "पितृपक्ष हाय. या पंधरवड्यात कोनी नवा खिळासुदीक घरात आनत नाय, आन तुमी अख्खं मशीन आनलंत. लिंबू तितंच ऱ्हाऊ द्या."

चंद्रावती काकी म्हणजे त्यांच्या थोरल्या काकांची, महादेवकाकांची बायको. काका जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. खाडीकडची जमीन विकून सगळं कुटुंब विचुंब्याच्या नव्या इमारतीत राहायला आलं, तेव्हा तीही आली. येताना एक लोखंडी पेटी आणि एक कंदील एवढंच तिनं बरोबर घेतलं होतं.

मशीन दसऱ्याला आणलं असतं तर काकी काही बोलली नसती. पण दसऱ्यापर्यंत थांबायला हितेशला सवड नव्हती. त्यांच्याच जुन्या जमिनीवर एक बिल्डर सात मजली इमारत उभी करणार होता. अजून तिथे भराव आणि खुंट्यांखेरीज काही नव्हतं, पण गिऱ्हाइकांना इमारत आधीच फिरून दाखवायची होती. गेटमधून आत शिरायचं, पार्किंगमधून जायचं, लिफ्टपाशी थांबायचं, अशी संगणकावर बनवलेली फिल्म. बिल्डरचे इंजिनिअर अविनाश साहेब दोघांना एकच फाइल देऊन गेले होते, एक हितेशला आणि एक खारघरच्या कल्पेशला. चारशे फ्रेम. ज्याचं काम पसंत पडेल त्याला वर्षभराच्या सगळ्या इमारती. अट एकच होती. दर फ्रेम शंभर सेकंदांच्या आत तयार झाली पाहिजे, आणि कुठल्या फ्रेमला किती वेळ लागला त्याची संगणकानं केलेली नोंद फ्रेमबरोबर जोडायची. पुढची कामं मोठी होती आणि मंद मशीनवाल्याची साहेबांना गरज नव्हती.

हे काम मिळालं नाही तर हितेशला सोमवारपासून उरणच्या बाजूला एका कंटेनर यार्डात हजर व्हायचं होतं. मामांनी शब्द टाकून ठेवला होता. तीन वर्षं त्यानं घरातल्या या एका टेबलाला 'स्टुडिओ' म्हटलं होतं. सोमवारनंतर ते पुन्हा टेबल होणार होतं.

कल्पेश त्याचा शाळेतला मित्र, एकाच गावचा. त्याच्या वडिलांना जमिनीचे पैसे मिळाल्यावर ते खारघरच्या टॉवरमध्ये गेले आणि कल्पेशनं बाजारातला सगळ्यात चांगला प्रोसेसर घेतला. हितेशचा प्रोसेसर त्याच्या एक तृतीयांश किमतीचा होता. तोही चार कोरचा, पण वेग दोन पूर्णांक सहा गिगाहर्ट्‌झ. त्यावर एक फ्रेम व्हायला एकशे बत्तीस सेकंद लागायचे.

"म्हणून तर तू आहेस," हितेश बहिणीला म्हणाला. "बीएस्सी फिजिक्स करून घरात बसलीयस. ओव्हरक्लॉक करून दे."

ओव्हरक्लॉक म्हणजे प्रोसेसरला डब्यावर छापलेल्या वेगापेक्षा जास्त वेगानं पळवणं. स्वस्त आणि महाग प्रोसेसर पुष्कळदा जवळपास सारखेच असतात. कंपनी ज्याच्याबद्दल खात्री देते त्याच्यावर मोठा आकडा छापते. बाकीच्यांच्या अंगात किती दम आहे ते घेणाऱ्यानं स्वतःच्या जबाबदारीवर बघायचं. समीक्षाला यातला जबाबदारीचा भाग आवडला.

"एक लक्षात ठेव," ती पेस्टचा वाटाण्याएवढा ठिपका प्रोसेसरवर ठेवत म्हणाली. "नुसता वेग सारखा झाला म्हणजे बरोबरी झाली असं मी म्हणणार नाही. फास्ट पळणारं मशीन चुकीची उत्तरं पण फास्ट देतं. कल्पेशदादाची फ्रेम आणि आपली फ्रेम एकमेकांतून वजा करायची. प्रत्येक ठिपक्याची वजाबाकी शून्य आली पाहिजे. तर बरोबरी."

"आणि वेळ?"

"वेळ तर हवाच."

मदरबोर्डचा मूळ ठोका दोनशे मेगाहर्ट्‌झचा होता आणि प्रोसेसर त्याच्या तेरापट वेगानं पळायचा. समीक्षानं तो दहा-दहानं वाढवत नेला. दर पायरीवर ती मशीनला अवघड बेरजा-गुणाकार करायला लावी, ज्यांची उत्तरं आधीच माहीत होती, आणि उत्तर चुकलं की व्होल्टेज चिमूटभर वाढवी. दोनशे नव्वदला मशीन सुरूच होईना. दोनशे ऐंशीला झालं आणि तीन तास एकही चूक न करता चाललं. तीन पूर्णांक चौसष्ट गिगाहर्ट्‌झ. प्रोसेसरचं तापमान पंचावन्न अंश, खोलीचं एकोणतीस.

फ्रेमला चौऱ्याण्णव सेकंद लागले.

हितेशनं लिंबू उचलून हवेत उडवलं आणि झेललं. "काकी, तुझं लिंबू पावलं गं!"

"खाली ठेव ते," काकी आतून म्हणाली.

*

डाग समीक्षाला दुसऱ्या दिवशी सकाळी दिसला. चारशे फ्रेम तयार होऊन पडल्या होत्या. ती एकेक उघडून बघत होती आणि दोनशे बारा नंबरच्या फ्रेमवर थांबली.

पार्किंग. दोन्ही बाजूंना खांब, मध्ये करडी फरशी, समोर लिफ्टचं दार. आणि डावीकडच्या तिसऱ्या खांबाच्या अलीकडे एक उभा पट्टा, माणसाएवढा. त्याला रंग नव्हता. काळा म्हणावा तर सावलीचा काळा निराळा दिसतो, त्यात थोडा उजेड मिसळलेला असतो. इथे उजेडाचं गणितच शून्य आलं होतं, जणू तेवढ्या जागेत प्रकाश कधी पोहोचलाच नव्हता. पट्ट्याच्या तळाशी, खरखरीत म्हणून ठरवलेल्या फरशीवर, हातभर जागा चकाकत होती. त्यात वरच्या छताचं उलटं प्रतिबिंब पडलं होतं.

हितेशनं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "झालं! जास्त पळवलंस तू."

समीक्षालाही तेच वाटलं. तिनं ठोका दोनशेवर आणला आणि तीच फ्रेम पुन्हा काढली. एकशे बत्तीस सेकंद, डाग नाही. दोनशे चाळीसला एकशे दहा सेकंद, डाग नाही. दोनशे साठ, एकशे दोन सेकंद, स्वच्छ. दोनशे सत्तरला फ्रेमला अठ्ठ्याण्णव सेकंद लागले आणि पट्टा पुन्हा तिथेच उभा होता.

तिनं मेमरीच्या पट्ट्यांची अदलाबदल केली. एक काढून एकीवर चालवून पाहिलं. हीटसिंक उतरवून पेस्ट पुसली, नवी लावली. बाजूला टेबलफॅन लावून तापमान पन्नासच्या खाली आणलं. बेरजा-गुणाकारांची उत्तरं प्रत्येक वेळी बरोबर आली. आणि फ्रेम शंभर सेकंदांच्या आत झाली की डागही प्रत्येक वेळी आला.

"चूक असेल तर ती अशी नसते," ती म्हणाली.

"कशी नसते?"

"दादा, जास्त पळवल्यामुळे मशीन चुकलं तर ते कुठेही चुकेल. एकदा कोपऱ्यात, एकदा मध्ये. कधी सगळंच बंद पडेल. हे बघ." तिनं दोनशे बारा आणि दोनशे चाळीस या फ्रेम शेजारी शेजारी लावल्या. "कॅमेरा पुढे गेलाय, उजवीकडे वळलाय. डागही त्या हिशेबानं सरकलाय. जवळ आल्यावर मोठा झालाय, आणि खांबाच्या मागे गेला तेवढाच झाकला गेलाय. हा पडद्यावरचा डाग नाहीये. हा पार्किंगमध्ये आहे."

हितेशनं मॉडेलची फाइल उघडली आणि त्या जागेवरच्या सगळ्या वस्तू निवडल्या. फरशी. छत. आणखी काही नव्हतं.

कॅमेरा कुठे आहे आणि कुठे बघतोय हे फाइलमध्ये लिहिलेलं असतं. त्यावरून फ्रेममध्ये दिसणारा जमिनीवरचा बिंदू प्लॉटवर नेमका कुठे येतो ते काढता येतं. अकरावीच्या त्रिकोणमितीत बसणारं गणित होतं. समीक्षानं तीस फ्रेममधून डागाचा तळ शोधला आणि प्लॉटच्या नकाशावर तीस खुणा केल्या. तिला वाटलं होतं सगळ्या एकावर एक पडतील. तशा त्या पडल्या नाहीत. त्या एका सरळ रेषेत पडल्या, पुढे-मागे, पुढे-मागे, जवळजवळ नऊ मीटरच्या टप्प्यात. रेषा इमारतीच्या कुठल्याच भिंतीला समांतर नव्हती. ती सगळ्या इमारतीतून तिरकी गेली होती.

डागाची उंची मात्र तीसही फ्रेममध्ये एकच निघाली. एकशे चौऱ्याहत्तर सेंटिमीटर.

पद्धत तपासून घ्यायला हवी होती. समीक्षानं काकीला स्वयंपाकघराच्या दारात उभं केलं आणि डिजिटल कॅमेऱ्यानं फोटो काढला.

"आता माझा काय फोटू? डोक्याला तेलबी नाय."

"उंची काढायचीय काकी, तुझी."

"कशाला? लगीन लावतंस का माजं?"

दाराची उंची माहीत होती. त्यावरून फोटोतली काकी एकशे एकोणपन्नास सेंटिमीटर निघाली. मग समीक्षानं टेप लावून मोजलं. एकशे एकोणपन्नास. पद्धत बरोबर होती.

*

दुपारी कल्पेश आला. बूट न काढताच दारातून ओरडला, "काय रे हित्या, भट्टी पेटवलीस म्हणे? दोन पापड टाक की वर."

"तुझ्या टॉवरमध्ये मिळत नाहीत का पापड?" हितेश म्हणाला. "का तेही लिफ्टनं येतात?"

"आमच्याकडं सगळं लिफ्टनं येतं. लाइट गेली की उपाशी." कल्पेश हसला, बूट काढले, आत येऊन बसला, आणि मग त्याचं हसणं जरा लवकरच संपलं. त्यानं खिशातून पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. "समे, तुला यातलं कळतं म्हणून आणलंय. कुणाला बोलू नकोस. माझी रॅम गेलीय बहुतेक."

पेनड्राइव्हमध्ये एकच फ्रेम होती. दोनशे बारा.

डावीकडचा तिसरा खांब, त्याच्या अलीकडे उभा पट्टा, तळाशी चकाकणारी हातभर जागा.

"किती सेकंद लागले?" समीक्षानं विचारलं.

"त्र्याण्णव. का?"

तिनं दोन्ही फ्रेम एकमेकांतून वजा केल्या. पडदा पूर्ण काळा झाला. वीस लाखांवर ठिपके होते. एकाचाही फरक नव्हता. काल तिनं बरोबरीची जी अट घातली होती, ती स्वस्त प्रोसेसरनं पुरी केली होती. हितेश तिच्याकडे बघत होता आणि दोघांनाही आनंद झाला नाही.

"म्हणजे चूक तुझ्या मशीनची नाही आणि माझ्याही नाही," कल्पेश सावकाश म्हणाला. "फाइलमध्ये असेल मग. साहेबांनीच दिलं असेल तसं."

"फाइलमध्ये असतं तर मंद मशीनवरही दिसलं असतं."

"मग आहे काय हे?"

समीक्षाला एक गोष्ट आठवत होती, पण ती मोठ्यानं बोलायची का नाही ते तिचं ठरत नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "जुन्या कॅमेऱ्याचं शटर खूप वेळ उघडं ठेवलं ना, की चालती माणसं फोटोत येतच नाहीत. फक्त इमारती येतात. रस्ता रिकामा दिसतो. माणूस पकडायचा तर शटर पटकन बंद व्हावं लागतं."

"संगणकाला कसलं शटर?"

"नसतं. म्हणून तर म्हणते, हे पुरतं लागू पडत नाही." तिनं नकाशावरच्या तीस खुणांकडे बोट केलं. "पण हे बघून कुणीतरी येरझारा घालतंय असंच वाटतं."

चहाचे कप घेऊन आलेली काकी तिच्या मागेच उभी होती. ती पडद्याकडे नाही, नकाशाकडे बघत होती. कप तिनं टेबलावर ठेवले, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खुणांच्या रेषेवरून एक बोट फिरवत नेलं. नकाशावर रेषा जिथे संपत होती त्याच्याही पुढे, टेबलाच्या कडेपर्यंत.

"ह्यो आपला बांध हाय," ती म्हणाली. "कोनी काढला?"

*

काकीनं जे सांगितलं त्यातलं निम्मं हितेशला आणि कल्पेशला ऐकून माहीत होतं. खाडीकाठची भातशेती बांधावर जगते. बांध शाबूत तोवर भात. बांधाला खांड पडली, म्हणजे तो फुटला, की खारं पाणी आत येतं आणि पुढची तीन वर्षं तिथे गवतही उगवत नाही. म्हणून एका बांधामागच्या सगळ्या घरांनी मिळून तो राखायचा. या मेळाला जोळ म्हणायचे. उधाणाच्या भरतीला जोळीतला एक माणूस बांधावर राखणीला असायचा. हातात कंदील, कमरेला कोयता. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहायचं आणि चिखल कुठे मऊ लागतो ते पायांनी बघायचं.

"आन राखन सोडायची रीत होती," काकी म्हणाली. "भरती उतरली म्हनून उठून घरी आलं, असं नाय. दुसरा मानूस बांधावर चढायचा, त्याच्या समोर उभा ऱ्हायचा, आन बोलायचा, 'मी हाय. तू जा.' तवा पहिला खाली उतरायचा. कोनी तसं बोललं नाय तर उतरायचं नाय. ताप असूंदे, पाऊस असूंदे."

"आणि काका?" समीक्षानं विचारलं.

"त्या दिवशी त्यांची पाळी. दुपारची उधाणाची भरती. आन तवाच देवळात सगले जमले, जमिनीचा सौदा झाला म्हनून. आता भात कोनी लावायचा नाय तर बांध कशाला राखायचा? जोळ मोडली. नारळ फोडला, गूळ वाटला." काकीनं साखरेचा डबा उचलला, पुन्हा खाली ठेवला. "सगले हुते देवळात. एक ह्येच बांधावर. आन पुढची पाळी कोनाची, तर कोनाचीच नाय. जोळच नाय तर पाळी कुठली? सगले घरी गेले. माला वाटलं कोनीतरी गेला असंल सांगाला. प्रत्येकाला तसंच वाटलं."

"सांजच्याला मी गेले. कंदील हुता खुंटीला. चपला हुत्या. बांध कुठं फुटला नव्हता. ह्ये नव्हते."

हितेशचा चहा तसाच राहिला होता. त्यानं विचारलं, "काकी, काका उंच होते ना?"

"दारातून वाकून यायचे," काकी म्हणाली. मग तिनं पहिल्यांदाच पडद्याकडे पाहिलं. चष्मा नव्हता, तरी बराच वेळ पाहिलं. "कोन म्हनतंय त्यांना जा म्हनून? कोनीच नाय म्हनलं."

फ्रेम शनिवारी सकाळी द्यायच्या होत्या. पुढच्या दिवशी, गुरुवारी, सर्वपित्री अमावास्या होती. उधाण होतं, आणि भरती दुपारी साडेबाराच्या सुमाराला. काकीनं हे कुठलंही पंचांग न बघता सांगितलं.

"मी येते," ती म्हणाली. "तुमी माला तितं न्या."

हितेशनं समीक्षाला बाजूला घेतलं. "हे काय चाललंय? तू तरी विश्वास ठेवतेस का यावर?"

"मला माहीत नाही," समीक्षा म्हणाली. "तुझ्याकडे दुसरं काही आहे? मंद चालवलं तर शंभर सेकंद ओलांडतात, तू बाद. फास्ट चालवलं तर डाग, तू बाद. कल्पेशदादाही बाद, पण त्याला सोमवारी यार्डात जायचं नाहीये."

"म्हणजे एक्सपेरिमेंट करायचा?"

"हो. एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं, आणि पुन्हा मोजायचं."

*

प्लॉटवर ऊन होतं. भरावाची लाल माती, पत्र्याचं कुंपण, वॉचमनची एक केबिन, आणि पायाच्या खांबांसाठी पायलिंगच्या मशीननं पाडलेली सात-आठ भोकं. कल्पेशच्या गाडीतून चौघं आली होती. खाडी आता इथून दिसत नव्हती. मध्ये भराव होता, पलीकडे खारफुटीचा हिरवा पट्टा. कुठे बांध होता याची एकही खूण जमिनीवर उरली नव्हती.

समीक्षानं टेप, नकाशा आणि चुन्याची पिशवी आणली होती. कोपऱ्यातल्या खुंटीपासून मोजून ती रेषा काढणार होती. तिनं टेप उलगडेपर्यंत काकी चालायला लागली होती. चपला तिनं कुंपणापाशीच काढल्या होत्या. भोकांच्या मधून, विटांच्या ढिगाला वळसा घालून ती सरळ गेली आणि एका जागी थांबली. पाय जरा फाकवून, टाच रुतवून, जसं अरुंद जागेवर उभं राहतात तसं. तोंड खाडीकडे.

नंतर समीक्षानं मोजलं तेव्हा ती रेषेपासून चार सेंटिमीटरवर होती.

वारा नव्हता. पायलिंगचं मशीन अमावास्या म्हणून बंद होतं. सगळ्यात जवळच्या भोकात समीक्षानं डोकावून पाहिलं. तळाशी पाणी होतं, आणि ते हळूहळू वर येत होतं. भरतीला भरावाखालून पाणी झिरपतं. त्यात काही नवल नव्हतं. तिनं काठापासून पाण्यापर्यंत टेप सोडली. एक मीटर दहा. थोड्या वेळानं नव्वद सेंटिमीटर. मग पुन्हा मोजलं तरी पाणी नव्वदवरच राहिलं. भरती पुरी झाली होती.

तेव्हाच काकी बोलली. ओरडून नाही, शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी बोलावं तसं.

"मी हाय," ती म्हणाली. "तू जा."

कल्पेशनं नकळत हात जोडले. हितेश पायाकडे बघत होता. कावळे कुंपणाच्या पत्र्यावर बसले होते, ते तसेच बसून राहिले. काही झालं नाही. भोकातलं पाणी बोटभर खाली गेलं, मग आणखी बोटभर.

काकी तिथेच उभी होती.

"काकी, चल आता," हितेश म्हणाला.

ती हलली नाही.

"काकी, ऊन लागेल. घरी चल."

"आले, आले," ती म्हणाली, पण मान वळवली नाही. समीक्षा जवळ गेली आणि तिचा दंड धरला तेव्हा काकी दचकली, आणि क्षणभर तिनं समीक्षाकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू ती काहीतरी ऐकायची वाट बघते आहे. समीक्षाच्या ओठांवर काहीच आलं नाही. "चल ना," एवढंच ती म्हणाली. मग काकी आली. कुंपणापाशी येऊन चपला घातल्या. गाडीत बसल्यावर ती अगदी नेहमीसारखी होती; कल्पेशला म्हणाली, "तुज्या गाडीला वास येतंय रे, सुकी मासळी नेतंस का काय?" आणि तिघंही गरजेपेक्षा जास्त हसले.

*

घरी पोचल्यावर समीक्षानं कशालाही हात लावण्याआधी सगळं तपासलं. ठोका दोनशे ऐंशी. व्होल्टेज तेच. खोलीचं तापमान एकोणतीस अंश. फाइल तीच, तिच्या आकारात एका बाइटचाही फरक नव्हता. लिंबू टेबलावर होतं, एका बाजूनं जरा सुकलेलं. कल्पेश खारघरला गेला आणि तिथून त्यानं फोन केला. दोन्ही मशीन एकदमच सुरू करायची, फ्रेम दोनशे बारा.

"डाग गेला," हितेश आपल्याशीच म्हणाला, "तर उद्या दिवसभरात चारशे होतील. शनिवारी सकाळी साहेबांच्या टेबलावर."

"आधी बघू," समीक्षा म्हणाली.

आतल्या खोलीत काकी जेवून आडवी झाली होती. पंखा चालू होता. मग तिचा आवाज आला, झोपेतला नसावा इतका स्वच्छ.

"समे, रात्रीची भरती कितीला?"

"झोप गं काकी. आता कसली भरती?"

"नाय, विचारलं."

समीक्षानं 'रेंडर' दाबलं. फ्रेम वरून खाली भरत आली. छत, दिवे, खांबांची वरची टोकं. हितेशनं दोन्ही हात टेबलाच्या कडेला धरले होते. फोनमधून कल्पेशच्या श्वासाचा आवाज येत होता. डावीकडच्या तिसऱ्या खांबापाशी, जिथे पट्ट्याचं वरचं टोक सुरू व्हायचं, तिथे छताचा उजेड स्वच्छ उतरला होता.

"गेला," हितेश पुटपुटला. "समे, गेला."

फ्रेम आणखी थोडी खाली आली.

कल्पेशनं त्याची फ्रेम पाठवली. समीक्षानं दोन्ही वजा केल्या, मग मोजमाप केलं, मग पहिल्यापासून सगळं पुन्हा एकदा केलं. आकडे दोन्ही वेळा तेच आले.

हितेशचं मशीन, चौऱ्याण्णव सेकंद. कल्पेशचं मशीन, त्र्याण्णव सेकंद. दोन फ्रेममधला फरक, शून्य. डागाची उंची, एकशे एकोणपन्नास सेंटिमीटर.